औषधे थोडी, रुग्ण फार

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके ओळीने लागतात. उल्हासनगरच्या माणसाला त्याचा पत्ता विचारा. 'कॅम्प नंबर तीन' किंवा 'कॅम्प नंबर पाच' असे उत्तर आजही मिळते. एवढ्या मोठ्या शहराच्या पत्त्यात हा 'कॅम्प' कोठून आला? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी होती. तिला कल्याण कॅम्प म्हणत. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे नव्या शहराची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून शहराचे नाव उल्हासनगर पडले.

लष्कराची छावणी असो की निर्वासितांची, थोड्या जागेत खूप माणसे राहू लागली, की आजार मागोमाग येतात. पाणी दूषित होते, ताप पसरतो, लहान मुलांना जुलाब लागतात. त्याच वेळी औषधे मात्र मिळेनाशी होतात. मराठीत 'गोळी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. उर्दूतल्या 'गोली'चेही तसेच आहे. युद्ध सुरू झाले, की एका प्रकारच्या गोळ्यांचा पाऊस पडतो आणि दुसऱ्या प्रकारची गोळी शोधूनही सापडत नाही. या दुसऱ्या गोळीचा हिशेब ज्याच्या हाती असतो, त्याच्या कामाची माहिती आपण या पाठात घेऊ.

त्याला मराठीत औषधनिर्माता म्हणतात. लोक 'फार्मासिस्ट' हा इंग्रजी शब्दही वापरतात. पूर्वीच्या दवाखान्यांत हे काम करणाऱ्याला कंपाउंडर म्हणत. सरकारी कागदपत्रांत त्याला 'मिश्रक' असा शब्द होता, कारण तो डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषधे खलात कुटून, काट्यावर तोलून, पाण्यात मिसळून देत असे. या कामाचे कितीतरी शब्द मराठीने फारसी-अरबीतून घेतले आहेत. 'दवाखाना' तर उघडच आहे. पण 'मलम' म्हणजे तुमचा 'मरहम', आणि 'जुलाब' हा शब्द 'गुलाब'पासून आला, हे किती जणांना ठाऊक असते? औषधे ओळखणे, तपासणे व तयार करणे हा वैद्यकाहून वेगळा व्यवसाय आहे, हे अरब जगाने फार लवकर ओळखले होते. अकराव्या शतकात अल बिरूनी या विद्वानाने औषधांवर एक मोठा ग्रंथ लिहिला, त्याचे नावच 'किताब-उस-सैदना', म्हणजे औषधशास्त्राचा ग्रंथ, असे आहे.

शांततेच्या काळात औषधनिर्मात्याचे काम आपल्या फारसे लक्षात येत नाही. आपण चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जातो, तो फळीवरून औषध काढतो, 'जेवणानंतर घ्या' असे सांगतो आणि पैसे घेतो. पण त्या फळीच्या मागे एक लांब साखळी असते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे व औषधांचे मूळ द्रव्य तयार करणारे कारखाने आहेत. ते मूळ द्रव्य पिंपांत भरून दुसऱ्या कारखान्यात जाते. तेथे त्याच्या गोळ्या होतात. गोळ्या गोदामात, गोदामातून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून दुकानात येतात. यातील एक कडी तुटली, तरी दुकानातील फळी रिकामी होते. युद्धात एक नव्हे, सगळ्याच कड्या तुटतात. रस्ता बंद होतो, पूल पडतो, वीज जाते, कारखाना थांबतो, बंदरात जहाज येत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत रुग्ण दहापट होतात.

अशा वेळी औषधनिर्मात्यापुढे पहिला प्रश्न येतो तो गणिताचा. समजा, एका छावणीत जंतूंमुळे आजारी पडलेले शंभर रुग्ण आहेत. प्रत्येकाला दिवसातून तीन गोळ्या, अशा पाच दिवस द्यायच्या आहेत. म्हणजे एका रुग्णाला पंधरा गोळ्या लागतील. पेटीत गोळ्या आहेत तीनशे. आता काय करावे? आपल्याला वाटेल, सर्वांना सारखे वाटावे. प्रत्येकाच्या वाट्याला तीन गोळ्या येतील. हे न्यायाचे दिसते, पण याने शंभरांपैकी एकही जण बरा होणार नाही. एका दिवसाच्या औषधाने जंतू पूर्ण मरत नाहीत. जे उरतात ते अधिक चिवट असतात, आणि पुढे तेच औषध त्यांच्यावर चालेनासे होते. तीनशे गोळ्याही गेल्या आणि रोगही राहिला.

म्हणून पूर्ण मात्रा वीस जणांनाच द्यायची. कोणते वीस? हे डॉक्टर आणि औषधनिर्माता मिळून ठरवतात. औषधाशिवाय जो नक्की दगावेल आणि औषधाने जो नक्की वाचू शकेल, तो आधी. उरलेल्या ऐंशी जणांसाठी दुसरे एखादे औषध चालेल का, जखम नुसती मिठाच्या उकळलेल्या पाण्याने धुऊन भागेल का, कोणाला दुसऱ्या गावी पाठवता येईल का, हे पाहायचे. कागदावर हे सोपे दिसते. पण खिडकीसमोर आजारी मुलाला कडेवर घेऊन बाप उभा आहे, त्याला फळीवरची गोळ्यांची बाटली दिसते आहे, आणि 'तुमच्या मुलाला ही नाही' असे त्याला सांगायचे आहे. माझ्या मते या व्यवसायातले सर्वांत अवघड काम हेच आहे. खलबत्ता आणि काटा हाताळायला दोन वर्षांत शिकता येते. हे काम मात्र कोणत्याही महाविद्यालयात पुरते शिकवता येत नाही.

तुटवड्यातले हे काम महाराष्ट्रातील दोन डॉक्टरांनी फार जवळून पाहिले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चीनमध्ये डॉक्टर आणि औषधे दोन्ही अपुरी पडू लागली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला मदतीचे आवाहन केले, निधी जमला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते. त्यांच्याबरोबर बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि रुग्णवाहिका त्यांनी सोबत नेली होती.

चीनमधील प्रवासातच त्यांचे कित्येक महिने गेले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे डॉ. कोटणीस आणि डॉ. बसू वुताई डोंगराच्या भागात गेले. हा भाग जपानी फौजेच्या पिछाडीला होता. शहरे आणि रेल्वे जपान्यांच्या ताब्यात, डोंगर आणि खेडी चिनी सैनिकांच्या ताब्यात, अशी तेथील स्थिती होती. औषधांची दुकाने शहरांत असतात. त्यामुळे डोंगरात औषध येणार तरी कोठून? कॅथलीन हॉल नावाची न्यूझीलंडची एक परिचारिका तेथे ख्रिस्ती मिशनचे काम करीत होती. ती बीजिंगला जाऊन औषधे विकत घेई आणि जपानी पहाऱ्यातून ती डोंगरात पोहोचवी. १९३९ साली जपान्यांना हे कळले, तेव्हा त्यांनी तिचे मिशन जाळून टाकले.

याच डोंगरात १९३८ व १९३९ साली कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. त्यांनी बनवलेल्या एका वस्तूबद्दल येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ती वस्तू म्हणजे खेचराच्या पाठीवरचे औषधालयच होते. सैन्य एका जागी थांबत नसे. आज या खेड्यात, तर उद्या डोंगरापलीकडे. पेट्यांत भरलेली औषधे प्रत्येक वेळी काढायची, शोधायची आणि पुन्हा भरायची, यात बाटल्या फुटत, औषध सांडे आणि वेळही जाई. गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी खताच्या पाट्या लटकवून शेतकरी चालले होते, ते पाहून बेथ्यून यांना कल्पना सुचली, असे सांगतात. त्यांनी खोगिराच्या दोन्ही बाजूंना बसतील अशा लाकडी पेट्या करून घेतल्या. आत कप्पे होते आणि प्रत्येक बाटलीची, प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली होती. शंभर शस्त्रक्रिया, पाचशे जखमांच्या पट्ट्या आणि पाचशे चिठ्ठ्यांची औषधे एवढे सामान त्यांत मावे. खेचर थांबवले, पेट्या उघडल्या, की काही मिनिटांत औषधालय सुरू. या साधनाला त्यांनी 'लुकोऊ पूल' असे नाव दिले. जपानशी युद्ध पेटले ते याच नावाच्या पुलापाशी.

जखमा बांधण्याचे कापडही कमी होते. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा वापरत. बेथ्यून जखमेत एक पिवळसर मलम भरीत. ते बिस्मथचा क्षार, आयडोफॉर्म आणि पॅराफिन यांचे असे. पहिल्या महायुद्धातील डॉक्टरांना ते ठाऊक होते. ते भरले, की पट्टी रोज बदलावी लागत नसे. कित्येक दिवस तशीच ठेवता येई. म्हणजे खलात कोणी तरी तासभर घोटलेल्या मलमामुळे कितीतरी वार कापड आणि परिचारकांचे कितीतरी तास वाचत. तुटवड्याच्या काळात औषध निवडताना असाही हिशेब करावा लागतो.

तरीही काही गोष्टी नसल्या, की त्यांना पर्याय नसतो. ऑक्टोबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांच्या बोटाला कापले. हातांत रबरी मोजे नव्हते. पुढे जखमेत विष झाले आणि १२ नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला. पेनिसिलिन तेव्हा जगात कोणत्याही रुग्णालयात मिळत नव्हते. त्यांच्या नावाने तेथे जे रुग्णालय चालू होते, त्याचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये डॉ. कोटणीसांकडे आले. ते चिनी भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तेथेच वारले. उर्दूचे प्रसिद्ध लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला.

कोटणीस चीनमध्ये होते, त्याच काळात युद्धाने भारतातलीही एक फळी रिकामी केली. ती हिवतापाच्या औषधाची. कोयनेल, म्हणजे क्विनाइन, हे सिंकोना झाडाच्या सालीपासून काढतात. तेव्हा जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक कोयनेल जावा बेटावरून येई. मार्च १९४२ मध्ये जपानने जावा जिंकले आणि पुरवठा एका फटक्यात बंद झाला. भारतात दार्जिलिंगजवळ व निलगिरीत सिंकोनाचे मळे होते. बंगालमध्ये तर १८९२ पासून टपाल कचेरीत एका पैशाला कोयनेलची पुडी मिळत असे. पण एवढ्या मळ्यांवर देशाची आणि लष्कराची दोघांचीही गरज भागणे शक्य नव्हते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिवतापाने तर कहर केला होता. त्या आघाडीचे सेनापती जनरल स्लिम यांनी लिहून ठेवले आहे, की १९४३ साली एका जखमी सैनिकामागे एकशे वीस सैनिक आजारी म्हणून मागे पाठवावे लागत.

कोयनेलच्या जागी मेपाक्रीन नावाचे कारखान्यात तयार केलेले औषध आले. ते चवीला कडू. शिवाय त्याने कातडी पिवळी पडे. त्याने पुरुषत्व जाते, अशी अफवा सैनिकांत पसरली आणि पुष्कळ जण गोळी तोंडात धरून नंतर थुंकून टाकू लागले. शेवटी सैनिकांचे रक्त अचानक तपासायचे आणि औषध सापडले नाही, तर त्यांच्या अधिकाऱ्यालाच काढून टाकायचे, असा कडक नियम स्लिम यांनी केला. तीन अधिकारी काढल्यावर गोळ्या पोटात जाऊ लागल्या. पर्यायी औषध मिळवणे हे अर्धेच काम आहे. त्यावर लोकांचा विश्वास बसवणे हे उरलेले अर्धे. छावणीत औषध देणारा माणूस म्हणूनच एक गोळी देताना दहा प्रश्नांची उत्तरे देतो.

युद्धामुळे परदेशी औषधे येईनाशी झाली, तेव्हा आपल्या देशातील औषध कारखान्यांचे महत्त्व वाढले. अलीगढला जन्मलेले आणि बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकलेले ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिपला ही कंपनी सुरू केली होती. औषधांसाठी देशाने दुसऱ्यावर अवलंबून राहू नये, हा त्यांचा आग्रह. जुलै १९३९ मध्ये महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली. त्यानंतर दोन महिन्यांतच महायुद्ध सुरू झाले.

पण कारखाना दूर असेल आणि रुग्ण दारात असेल, तर? १९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगाव येथे हा प्रश्न आला. पूर्व पाकिस्तानातील युद्धामुळे लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले होते. छावण्यांत कॉलरा पसरला. कॉलऱ्यात जुलाब आणि उलट्या होऊन शरीरातले पाणी व क्षार काही तासांत निघून जातात आणि रुग्ण सुकून मरतो. तेव्हाचा उपाय एकच होता, शिरेतून सलाईन देणे. त्यासाठी निर्जंतुक बाटल्या, नळ्या, सुया आणि शिकलेली माणसे लागत. डॉ. दिलीप महालनबीस यांच्या लहानशा रुग्णालयात जमिनीवरही रुग्ण झोपले होते आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या.

मीठ आणि ग्लुकोज एकत्र दिले, तर आजारी आतडेही पाणी शोषून घेते, हे शास्त्रज्ञांना प्रयोगातून ठाऊक झाले होते. पण छावणीसारख्या ठिकाणी, नातेवाइकांच्या हातून, हजारो रुग्णांना हे पाणी पाजून पाहण्याचे धाडस कोणी केले नव्हते. महालनबीस यांनी ते केले. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे प्रमाण ठरले. कलकत्त्यातील त्यांच्या संशोधन केंद्रात ग्रंथालयाच्या खोलीचे औषधालय झाले. तेथे ही द्रव्ये तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरत आणि पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने चिकटवून टाकत. पिशव्या बनगावला गेल्या, की पिंपांतील स्वच्छ पाण्यात त्या मिसळत. आई, बाप, भाऊ, बहीण, जो कोणी रुग्णाजवळ असेल तो पेल्याने पाणी पाजत राही. एका लिटरला खर्च आला अकरा पैसे.

आधी शंभर रुग्णांतले सुमारे तीस मरत होते. हे पाणी सुरू झाल्यावर मरणाऱ्यांचे प्रमाण शंभरात चारांहूनही खाली आले. आज मेडिकलमध्ये 'ओआरएस' म्हणून मिळणारी पुडी तीच. तिच्यातील प्रमाण पुढे सुधारले आहे. आताच्या पुडीत एका लिटरसाठी २०.५ ग्रॅम मिश्रण असते. पुडी जवळ नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून तसे पाणी घरीही करता येते. चमचा चहाचा हवा. मीठ जास्त पडले, तर ते लहान मुलाला घातक ठरते. तेव्हा येथे अंदाज चालत नाही, माप हवे.

तुटवड्याची एक उलटी बाजूही आहे, आणि ती ऐकून पहिल्यांदा हसू येते. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियातील युद्धात अनेक देशांनी औषधे दान म्हणून पाठवली. त्यांतील सुमारे सतरा हजार टन औषधे निरुपयोगी ठरली. काहींची मुदत संपलेली, काही त्या आजारांवर नसलेली, काहींवरची भाषा कोणाला वाचता न येणारी. औषधनिर्मात्याने रुग्ण पाहायचे की हे ढीग उपसायचे? फेकून द्यावीत, तर ती जाळायलाही पैसे लागतात. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने दानाच्या औषधांसाठी नियम केले: मागितलेलीच औषधे पाठवा, आणि पोहोचताना त्यांची किमान एक वर्ष मुदत बाकी असू द्या.

मग मागायचे तरी काय? बाजारात हजारो नावांची औषधे असली, तरी बहुतेक आजारांवर थोडीच पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली आवश्यक औषधांची पहिली यादी केली. तीत सुमारे दोनशे औषधे होती. या विचारातून आणीबाणीच्या औषधांचा एक ठरावीक संच तयार झाला. दहा हजार माणसांना तीन महिने पुरेल एवढे त्याचे माप आहे आणि वजन जवळपास एक टन. त्यातील सामान दोन प्रकारचे असते. एक हजार माणसांना पुरेल अशा दहा साध्या पेट्या असतात. त्यांत इंजेक्शने नसतात, म्हणजे थोडे शिकलेला आरोग्यसेवकही त्या वापरू शकतो. दुसरा भाग डॉक्टरांसाठी असतो. विमानातून हा संच उतरला, की औषधनिर्मात्याला प्रत्येक पेटीत काय आहे हे उघडण्यापूर्वीच ठाऊक असते.

पेटी आली, पुढे काय? ज्या औषधाची मुदत आधी संपते ते पुढे ठेवायचे, मग ते आधी आलेले असो वा नंतर. गोळ्या ओल आणि उन्हापासून दूर हव्यात. लसी आणि इन्शुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे, आणि वीज तर नाही. आफ्रिकेतील केनियामध्ये दादाब येथे निर्वासितांच्या मोठ्या छावण्या आहेत. तेथे घरोघरी फ्रिज कोठून असणार? तेथील उष्णतेप्रमाणे तापमान कमी-अधिक करून शास्त्रज्ञांनी इन्शुलिन तपासले आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पंचवीस ते सदतीस अंशांच्या दरम्यान चार आठवडे ठेवले, तरी त्याची शक्ती टिकून राहते, असे दिसले. मातीच्या भांड्याने आतला गारवा एवढा राखता येतो. आपल्या घरातला माठ पाणी गार करतो तो ज्या कारणाने, त्याच कारणाने.

औषध हातात देतानाही काळजी घ्यावी लागते. घेणाऱ्याला वाचता येतेच असे नाही, आणि येत असले तरी तुमची भाषा येईल असे नाही. म्हणून पाकिटावर चित्रे काढतात: उगवता सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपार, चंद्र म्हणजे रात्र. चित्राशेजारी जितक्या गोळ्या घ्यायच्या तितके ठिपके. मग रुग्णाकडून तेच परत सांगून घेतात.

उल्हासनगरची कोनशिला बसली, त्यानंतर चारच दिवसांनी, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, जिनिव्हा येथे अनेक राष्ट्रांनी युद्धातील वागणुकीचे करार केले. सामान्य नागरिकांसाठी जाणारी औषधे शत्रूनेही वाटेत अडवू नयेत, असे त्यांत लिहिले आहे. जखमी कोणत्या बाजूचा आहे हे पाहून उपचार करू नयेत, असेही आहे. करार नेहमी पाळले जातात असे नाही. औषधांची वाहने नाक्यावर दिवस दिवस थांबवली जातात, गोदामांवर बाँब पडतात. पण नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला दाखवायला कागद तरी हातात असतो.

आणखी एक कागद औषधनिर्माता कधीही सोडत नाही, तो म्हणजे साठ्याची वही. आज किती गोळ्या आल्या, किती गेल्या, कोणत्या आजाराला गेल्या, किती उरल्या, हे तो रोज रात्री लिहितो. खेड्यावर गोळीबार झाला तरी लिहितो. कारण पुढची पेटी येण्यास दोन महिने लागणार असतात आणि तिच्यात काय हवे ते आजच कळवायचे असते. पावसाळा तोंडावर आला असेल, तर जुलाबाची आणि हिवतापाची औषधे अधिक मागवावी लागतात. थंडी असेल, तर मुलांच्या न्यूमोनियाची. मागणी कमी लिहिली, तर माणसे मरतील; जास्त लिहिली, तर दुसऱ्या छावणीचा वाटा कमी होईल. तो मागच्या महिन्याचे आकडे पाहतो, छावणीत नव्याने आलेली कुटुंबे मोजतो आणि मागणीच्या कागदावर आकडा लिहितो.